दोन शिंकांशिवाय निघू नये

जगातले कोणतेही मोठे कार्य घरातून बाहेर पडल्याशिवाय होत नाही, आणि घरातून बाहेर पडणे ही वाटते तितकी साधी बाब नाही. आधी चपला सापडाव्या लागतात. मग चावी, चार्जर आणि डबा यांपैकी एक वस्तू विसरून परत यावे लागते. आणि अगदी शेवटी, एक पाय उंबरठ्याच्या आत आणि एक बाहेर असताना, कोणीतरी शिंकते.

आमच्या आळीत या शेवटच्या टप्प्याला शास्त्राचा मान आहे. (आमची आळी म्हणजे डहाणूजवळच्या चिखले गावात समुद्राच्या अंगाला, सुरूच्या बागेला पाठ टेकून बसलेली सतरा घरे.) शास्त्र सोपे आहे. निघताना एक शिंक ऐकू आली तर थांबायचे, खाली बसायचे आणि घोटभर पाणी प्यायचे. दोन ऐकू आल्या तर खुशाल निघायचे. तीन म्हणजे दोन अधिक एक, म्हणून परत बसायचे. चार म्हणजे दोन वेळा दोन, म्हणून उठायचे. बाकीची मुले सम आणि विषम संख्या शाळेत शिकतात. आमच्या आळीतली मुले त्या आधीच शिकून शाळेत जातात, कारण नाहीतर ती शाळेत पोचलीच नसती.

या शास्त्राची सर्वोच्च अधिकारी माझी बकुळाआत्या. बाबांची मोठी बहीण, राहते शेजारच्याच घरात. तिचा कान इतका तयार आहे की भिंतीपलीकडची शिंक ऐकून ती कोणाची, कितवी आणि पूर्ण की अर्धी, हे ती भाकरी थापता थापता सांगते. अर्धी शिंक (म्हणजे तोंड उघडले, डोळे मिटले, आणि काहीच झाले नाही) मोजायची की नाही, याबद्दल पूर्वी आळीत दोन मते होती, एक आत्याचे आणि एक बाकी सगळ्यांचे. आता एकच आहे.

अशा सुसंस्कृत आळीत माझा जन्म झाला, आणि सोबत माझे नाक आले.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून होळीपर्यंत माझे नाक रोज सरासरी सदतीस शिंका देते. (वर्षाची सरासरी काढली तर आकडा फारच मामुली दिसतो, म्हणून आम्ही ती काढत नाही.) यांतल्या अडुसष्ट टक्के शिंका सकाळी सहा ते नऊ या वेळेत येतात. म्हणजे नेमक्या त्या वेळेत, ज्या वेळेत सतरा घरांमधली माणसे आपापल्या उंबरठ्यावर एक पाय उचलून उभी असतात.

हे काय आहे, असा प्रश्न घरात कधी पडला नाही, कारण उत्तर आधीपासूनच होते. सर्दी. इतरांची सर्दी आठवड्यात जाते. माझी सात आठवडे मुक्काम करायची, तापाशिवाय यायची आणि दर वर्षी त्याच तारखेला यायची, तरी तिच्यावर कोणी संशय घेतला नाही. सर्दीची कारणे मात्र खूप शोधली गेली. केस धुणे. केस न धुणे. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. चिकू जास्त खाणे. बर्फाचा गोळा. हितेशदादाचा परफ्यूम. मोबाईल. एका वर्षी तर दोष गणितावर आला होता आणि त्या वर्षी मी अतिशय सुखात होते.

मी स्वतः याबद्दल काही बोलत नसे. मागच्या वर्षापर्यंत मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि शिंक आणि उत्तर दोन्ही दाबून ठेवायचे.

शिंकेचे सार्वजनिक सेवेत रूपांतर हितेशदादामुळे झाले. हितेशदादा हा रामनाथकाकांचा मुलगा, समोरच्याच घरातला. त्याचा टेम्पो आहे. रोज सकाळी वाडीतले चिकू भरून तो बाजाराला निघतो. एके दिवशी त्याने चावी फिरवली आणि मला एक शिंक आली. तो उतरला, बसला, पाणी प्यायला. मला दुसरी आली. तो निघाला. त्या दिवशी त्याचे चिकू सगळ्यांच्या आधी संपले. दुसऱ्या दिवशी तो आमच्या खिडकीखाली उभा.

"रिया, दे ना गं दोन."

"दादा, शिंक म्हणजे काय नळ आहे?"

"बरं, मग एक दे. दुसरीचं मी बघतो."

"तुझी चालत नाही," आतून आत्याचा आवाज आला. (आत्या तिच्या घरात होती.)

आठवड्याभरात आमच्या पडवीत रांग लागली. कोणाला डहाणूला लाईटचे बिल भरायचे होते, कोणाला तलासरीला दाखला आणायचा होता, एका आजोबांना फक्त दाढी करायला जायचे होते, पण त्यांनाही दोनच हव्या होत्या. गोंधळ व्हायला लागला, तेव्हा रामनाथकाकांनी सूत्रे हाती घेतली. काका तालुक्याच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत, पण कचेरी अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी नियमावली तयार करून आमच्या पडवीच्या खांबाला चिकटवली. ती मी जशीच्या तशी उतरवून घेतली आहे:

१. अर्जदाराने पायात चपला घालून, निघण्याच्या प्रामाणिक इराद्याने उभे राहावे. अनवाणी अर्जदारास लागू झालेली शिंक अवैध समजण्यात येईल.

२. एकाच शिंकेवर दोघांनी हक्क सांगितल्यास ज्येष्ठाची पहिली, कनिष्ठाने पुढच्या शिंकेची वाट पाहावी.

३. तपकीर, मिरचीची फोडणी, नाकात गवताची काडी इत्यादी मार्गांनी आणलेली शिंक कृत्रिम समजण्यात येईल.

४. शेळीची शिंक मोजावी किंवा कसे, ही बाब विचाराधीन आहे.

(शेळी आता विकली गेली. बाब अजून विचाराधीन आहे.)

व्यवस्था उत्तम चालली होती, हे मान्य करावे लागेल. फक्त माझे डोळे टोमॅटोसारखे झाले होते, टाळूला आतून खाज सुटायची आणि रुमाल दिवसाला सहा लागायचे. पण कोणत्याही सार्वजनिक सेवेत एवढे चालायचेच.

अडचण आली ती शाळेत. या वर्षी, नववीत, माझे काहीतरी झाले. एके दिवशी मराठीच्या वर्षा मॅडमनी वाचायला उभे केले आणि मी वाचले, आणि वर्ग चक्क ऐकत होता. मला ते इतके आवडले की मी धडा संपल्यावर पुढचा धडापण वाचला. मॅडमनी माझे नाव तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठवले. स्पर्धा डहाणूला, फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी, वेळ सात मिनिटे. विषय होता 'झाडे, माणसाचे खरे मित्र'.

भाषण मी दोन दिवसांत लिहिले आणि तीन दिवसांत पाठ केले. सराव शाळेच्या मैदानावर, सुरूच्या सावलीत. विषयाला धरूनच जागा निवडली होती. मी हात उंचावून म्हणाले, "झाडे आपल्याला प्राणवायू देतात," आणि पुढची दोन मिनिटे मला तो मिळाला नाही.

सराव संपल्यावर वर्षा मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या, "रिया, सात मिनिटांत चार मिनिटं तू बोललीस आणि तीन मिनिटं तुझं नाक. परीक्षकांनी गुण कोणाला द्यायचे?"

"मॅडम, होईल कमी."

"होऊ दे. झालं तर तूच जाणार. पण दक्षाची तयारी करून ठेवते. पुढच्या गुरुवारी परत ऐकेन, मग ठरवू."

दक्षा माझी मैत्रीण, बाकावरची शेजारीण. घरी गुजराती बोलते, शाळेत मराठी, आणि घाबरली की दोन्ही सोडते. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. "हे बघ, मला नाय जमणार हां. माझे पाय थरथरतात. तू शिंकत शिंकत जा ने, पण तूच जा."

त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या नाकाचा राग आला. आळीसाठी शिंकले, ठीक आहे. पण ती सात मिनिटे माझी होती.

आणि नेमके तेव्हाच हितेशदादाला लग्नासाठी वेवजी गावची मुलगी बघायला जायचे ठरले.

काकांनी बैठक घेतली. कार्य मोठे, म्हणून धोका मोठा. माझ्या नाकातून निघताना विषम आकडा बाहेर पडला तर दादा जन्मभर तसाच राहील, असे गंभीर मत व्यक्त झाले. सबब, मला चार दिवस समुद्रापासून दूर, सायवन गावी सुषमामावशीकडे पाठवावे, असा ठराव झाला. (ठराव मांडणार, रामनाथकाका. अनुमोदन, रामनाथकाका.) सुषमामावशी सायवनला नर्स आहे. बाबा मला सोडून आले. मी भाषणाची वही सोबत घेतली आणि सरावासाठी नऊ रुमाल.

सायवनला पहिल्या दिवशी मी सहा वेळा शिंकले. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी मावशीच्या अंगणात मी अख्खे भाषण एका दमात म्हटले, आणि शेवटच्या वाक्यानंतर मला इतके विचित्र वाटले की मी ते पुन्हा म्हटले. शेजारची नवशीआजी कुडाला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "पोरगी बरी बोलते. नाकपण बरं आहे."

"तेच तर," मावशी म्हणाली. "इथे बरं आहे." तिने मला समोर बसवले. "तिकडे ताप असतो?"

"नाही."

"नाकातून घट्ट की पाणी?"

"पाणी. वाहतंच."

"डोळे खाजतात?"

"डोळे, टाळू, कानाच्या आतसुद्धा. कानाच्या आत कसं खाजवणार, सांग."

"दर वर्षी याच दिवसांत?"

"जानेवारी संपताना सुरू, होळीला बंद. सकाळी जास्त. वारा सुटला की फारच."

"तुझ्या घरामागे काय आहे?"

"सुरूची बाग."

"आणि माझ्या घरामागे?"

मी वळून पाहिले. साग होते, मोह होता, एक पळस होता. सुरू नव्हता. झाडांवर सात मिनिटे पाठ असलेल्या मला हे कळायला जरा वेळ लागला.

"सुरूच्या शेंड्यांना या दिवसांत तपकिरी तुरे येतात ना, तो त्यांचा फुलोरा," मावशी म्हणाली. "त्यांचा पराग वाऱ्यावर उडतो. सगळ्यांच्याच नाकात जातो. बाकीच्यांची नाकं त्याला जाऊ देतात. तुझं नाक त्याला चोर समजून आरडाओरडा करतं. याला सर्दी नाही, ॲलर्जी म्हणतात."

"मग सुरू तोडायचे?"

"आणि समुद्राचा वारा कोण अडवणार, तुझी आत्या?"

तिने मला तिच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी छाती तपासली, नाकात टॉर्च मारला, मावशीचेच प्रश्न परत विचारले (माझी उत्तरे आता पाठ होती), आणि रोजची एक गोळी आणि नाकात मारायचा फवारा दिला. नक्की कसला पराग, याची वेगळी तपासणी असते, पण आधी हे करून बघ आणि वहीत लिहून ठेव, असे म्हणाले. बाकीचे उपाय इतके साधे होते की माझी थोडी निराशाच झाली. सकाळी सुरूच्या बाजूची खिडकी बंद ठेवणे. कपडे बाहेर न वाळवता घरात वाळवणे. बाहेरून आल्यावर तोंड आणि डोळे धुणे, झोपण्याआधी केसांवर पाणी घेणे. वाऱ्याच्या दिवशी मास्क. भाषणाचा सराव सुरूखाली न करणे.

मी परत आले तेव्हा आळी दुःखात होती. वेवजीचे काम बिघडले होते. मी नसल्यामुळे एकही विषम शिंक आली नव्हती, पण समही आली नव्हती. मंडळी नवे कपडे आणि चपला घालून सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत अंगणात उभी होती. शेवटी वेवजीला पोचली तेव्हा मुलगी कॉलेजला निघून गेली होती. (निघताना तिला कोणी शिंकून दाखवले नसावे.)

मी माझा शोध जाहीर केला. तो ऐकून रामनाथकाकांनी त्याच संध्याकाळी सुरू संवर्धन समितीची सभा बोलावली. (अध्यक्ष, रामनाथकाका. बाकीची पदे रिक्त आहेत.)

"सुरूवर आजवर असा आरोप कोणी केला नव्हता," काका उभे राहून म्हणाले. "या बागेखाली आपल्या चार पिढ्या वाढल्या. कोणाला कधी काही झालं?" आणि त्यांनी डोळे पुसले.

सभेला तेवीस जण हजर होते. मी मोजले. नऊ जण डोळे चोळत होते, चार जण नाक ओढत होते आणि एक जण कान आतून खाजवायचा प्रयत्न करत होता. चौकशी करता खारा वारा, धूळ, जागरण आणि कांदा अशी कारणे मिळाली. कांदा दुपारी चिरला होता. आत्या पदर नाकाला लावून बसली होती. तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी धीट झाले आहे, पण एवढी नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी, फवारा, खिडकी, मास्क, सगळे चालू केले. आकडेवारी बोलकी आहे. सोमवार, एकोणीस शिंका. मंगळवार, आठ. बुधवार, दोन. गुरुवारी मी बंद वर्गात भाषण म्हटले आणि वर्षा मॅडमनी घड्याळ बघितले, पुन्हा बघितले आणि म्हणाल्या, "सहा मिनिटं पन्नास सेकंद, आणि सगळी तुझी. जा." दक्षाने डोळे मिटून कोणत्या तरी देवाला नमस्कार केला. कोणत्या, असे मी विचारले तर म्हणाली, "बधाने." म्हणजे सगळ्यांनाच.

आळीत मात्र आणीबाणी होती. चपला घातलेली माणसे पडवीत यायची, बसायची आणि चपला काढून घरी जायची. बाहेर पडण्याचे प्रमाण एकाहत्तर टक्क्यांनी घसरले. चिकू टेम्पोतच पिकायला लागले. दाढीवाल्या आजोबांची दाढी चांगली दोन बोटे वाढली, आणि ती त्यांना शोभते असे सांगून आम्ही त्यांची समजूत घातली. शुक्रवारी शिष्टमंडळ आईला भेटले.

"गोळी पूर्ण बंद करा असं आम्ही म्हणत नाही," काका म्हणाले. "सकाळी तेवढी घेऊ नये, लोकहिताच्या दृष्टीने."

"एक दिवसाआड तरी," हितेशदादा म्हणाला. "चिकूचा तरी विचार करा, काकू."

आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणे न थांबवता सांगितले, "तिचं नाक आहे, तिची गोळी आहे, ती घेणार."

आई एवढे लांब वाक्य शिष्टमंडळासमोर पहिल्यांदाच बोलली.

शनिवार उजाडला. स्पर्धा दहाला. मी हितेशदादाच्या टेम्पोतून जाणार होते, कारण तो तसाही डहाणूला जाणार होता, म्हणजे गेला तर. आठ वाजता मी इस्त्रीचा ड्रेस घालून, वही घेऊन, चिकूच्या खोक्यांशेजारी बसले. सगळी आळी निरोपाला जमली. दादाने चावीला हात लावला आणि तसाच थांबला.

"चल ना, दादा."

"दोन तर येऊ देत."

"येणार नाहीत. मी गोळी घेतली आहे."

"मग कसं निघणार?"

सव्वाआठ झाले. साडेआठ. कोणीतरी तपकीर सुचवली, काकांनी नियम तीन दाखवला. सात मिनिटे माझी, मॅडमनी दिलेली, नाकाकडून सोडवून आणलेली, आणि ती आता आमच्या अंगणातच संपणार होती. पण मी नववीत आहे आणि माझे गणित, दोष लागूनसुद्धा, बरे आहे. मी टेम्पोत उभी राहिले.

"किती शिंका आल्या?"

"एकही नाही," काका म्हणाले.

"म्हणजे शून्य. शून्य ही सम संख्या आहे. दोनने भाग जातो. चला, निघा."

आळीत कुजबुज झाली. काकांनी चष्मा काढला. "शून्याबाबत परिपत्रक नाही."

"शून्य म्हणजे काहीच नाही," आत्या पुढे आली. "जे नाहीच, ते सम कसं गं?"

"आत्या, दोनने भाग जातो त्याला."

"कोणाला जातो? मला नाही जात. दोन शिंकांशिवाय आपल्यातून कोणी निघालं नाही, आणि तू तर डहाणूला भाषण करायला चाललीस. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमची रिया..."

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. मागची सगळी सुरूची बाग एकदम हलली आणि तिच्यावरून तपकिरी धूर निघाल्यासारखा झाला. आत्याचे तोंड उघडले. डोळे मिटले. आळीने श्वास रोखला. अर्धी की पूर्ण, हे सांगणारी व्यक्तीच या वेळी कामात होती.

पूर्ण आली. एक.

सतरा घरांची माणसे खाली बसायला लागली. दादाने चावीवरचा हात काढला. पाण्याचा तांब्या निघाला. सगळे आत्याच्या नाकाकडे बघत दुसरीची वाट पाहायला लागले. दुसरी आली नाही. आत्याने लाल डोळ्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या इस्त्रीच्या ड्रेसकडे, वहीकडे, मग घड्याळाकडे. नऊला दहा कमी होते.

"बसताय काय सगळे?" ती नाक पुसत म्हणाली. "ही शिंक नव्हती. पराग होता."

काकांनी खिशातून पेन काढून लिहून घेतले की, सदर आवाज हा शिंक नसून पराग असल्याने मोजदादीस पात्र नाही. दादाने चावी फिरवली. मी मागे वळून पाहिले तेव्हा आत्या दाराशी उभी होती आणि पदर पुन्हा नाकाला होता. परवा तिने मला हळूच विचारले की त्या गोळीचे नाव काय. मी म्हणाले, आधी डॉक्टरांना नाक दाखव. तिला वाटले होते माझे दाखवून चालेल.

(तेव्हापासून आळीत नवी व्यवस्था आहे. सोयीची शिंक ती शिंक, गैरसोयीची तो पराग. सर्वजण समाधानी आहेत.)

स्पर्धा छान झाली. मी सात मिनिटे बोलले आणि सातही माझी होती. शेवटी मी वहीत नसलेले एक वाक्य टाकले, की खरा मित्र कधी कधी नाकात जातो, म्हणून काही त्याला तोडत नाहीत, सकाळी खिडकी लावून घेतात. टाळ्या पडल्या. वर्षा मॅडमनी पर्समधून रुमाल काढला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

मग निकाल. सभागृहात तालुक्यातले शिक्षक, अधिकारी, डॉक्टर, पालक, सगळी शिकलेली माणसे. मागे भिंतीवर वैज्ञानिक दृष्टिकोनावरचा मोठा फलक. मुख्य परीक्षक उठले, कागद उघडला, माईकशी आले आणि शिंकले.

एकदा.

मागे उभे असलेले पालक खाली बसले. पहिल्या रांगेतून कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. परीक्षक खुर्चीत बसले, घोटभर प्यायले, आणि कागदावरची अक्षरे नीट दिसत नसल्यासारखे करत थोडे थांबले.

मला दुसरा क्रमांक मिळाला. हे मी तुम्हाला चार ओळी आधीच सांगू शकले असते, पण तुम्हीही 'एकदा' या शब्दापाशी थांबला होतात. खरे सांगा, दुसरीचीच वाट बघत होतात ना? नाही आली. असू दे, पराग असेल. आता घोटभर पाणी प्या आणि निघा.